पंप महिन्याला किती लागतो?

आज पाहुणा नाही, मुलाखत नाही, मी एकटीच आहे. मधे कुठे खोकले असेन तर ते ऑडिओत कापलेलं नाही, विषयच तसा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा तोच भाग, थोडा झाडूनपुसून लिहून काढलेला.

विषय आहे दमा. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. तुम्हाला नसेल तर तुमच्या वर्गात, टीममध्ये, फ्लॅटवर कुणाला तरी असणारच, आणि त्याच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात एक छोटा निळा पंप असणार. इनहेलर म्हणा हवं तर, आमच्या घरी त्याला पंपच म्हणतात. मला आज त्या पंपाबद्दल बोलायचंय. नऊ वर्षं माझा सगळ्यात जास्त विश्वास कशावर होता, तर त्याच्यावर. मोबाईल घरी विसरला तर चालायचं, पंप विसरला की मी चांदणी चौकातून परत फिरायचे.

मी २८ वर्षांची आहे, मूळची कराडची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. डॉक्टर नाही. बीटेक आहे. त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं, किती घ्यायचं हे माझ्याकडून ऐकून ठरवू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. माझ्याबाबतीत काय झालं आणि त्यानंतर मी काय काय शोधून वाचलं, ते सांगते.

तर, मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीजेला कराडला गेले होते, तिथे भाचीला सर्दी झालेली. ती मी घेऊन आले. पुण्यात आल्यावर सर्दी छातीत उतरली. त्याच आठवड्यात रिलीज होतं, म्हणजे रात्री जागणं आलंच. शुक्रवारी रात्री साडेअकराला छाती आवळल्यासारखी झाली. नवीन काही नव्हतं. दोन पफ मारले, पाच मिनिटांत बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं, किंवा वाटलं असं मला वाटलं. साडेबाराला परत दोन. एकला चार. दीडला मी किती मारले ते मोजलंच नाही. पंप फुस्स-फुस्स आवाज करत होता, तोंडात ती ओळखीची गार चव येत होती, आणि छाती ढिम्म हलत नव्हती.

रूममेट नांदेडची आहे, झोपेतून उठून पाणी प्यायला आली. मी खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेले. ती म्हणाली, "अगं, काय झालं?" मला सांगायचं होतं की काही नाही, तू झोप, दहा मिनिटांत बरं वाटेल. माझ्या तोंडून निघालं, "काही... नाही... झोप..." एकेका श्वासाला एकेक शब्द. तिने पुढचं ऐकून घेतलं नाही. ड्रॉवरमधून कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला, आकडा ८९ आला, आणि दहाव्या मिनिटाला आम्ही रिक्षात होतो. ही बाई रोज सकाळी गॅसवर दूध उतू घालवते. त्या रात्री तिने एक गोष्ट चुकवली नाही.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन, नेब्युलायझर, हाताला सुई, सगळं झालं. पहाटे जरा वाक्यं जुळायला लागल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी धूळ, मांजर, सिगारेट यांतलं काही आधी विचारलं नाही. विचारलं, "पंप महिन्याला किती लागतो तुम्हाला?"

मी म्हटलं, "जास्त नाही, एकच."

त्या म्हणाल्या, "एका पंपात २०० पफ असतात."

आणि गप्प बसल्या. मी इंजिनिअर आहे, भागाकार येतो मला. दिवसाला साडेसहा.

मला खरंच वाटत होतं की माझा दमा हलका आहे. का, तर पंप मारला की जातो. हेच मला आज नीट उलगडून सांगायचंय, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं.

दम्यात श्वासनळ्यांना दोन गोष्टी होतात. एक, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. दोन, नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि चिकट कफ साचतो. निळ्या पंपात असतं सालब्युटामॉल. ते जाऊन त्या आवळलेल्या स्नायूंना सैल सोडायला लावतं. काही मिनिटांत काम सुरू, आणि चार-सहा तास टिकतं. म्हणून त्याला झटपट आराम देणारं औषध म्हणतात, आणि ते नाव शंभर टक्के खरं आहे. पण सुजेला ते हात लावत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलाच प्रकार. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरची मेमरी कुठेतरी गळतेय आणि आपण दर चार तासांनी रीस्टार्ट मारतोय. साइट चालू दिसते, युजर खूश, आणि गळती रोज वाढतेय. कामावर असं करणाऱ्या ज्युनियरला मी स्वतः झापलंय!

सूज वाढली की नळी आतूनच अरुंद होते. मग स्नायू कितीही सैल झाले तरी हवेला जागाच नाही. त्या रात्री चार-चार पफ मारूनही काही होत नव्हतं, त्याचं अर्धं कारण हे. उरलेल्या अर्ध्याकडे येते थोड्या वेळाने, ते जास्त लाजिरवाणं आहे.

आधी मी इथपर्यंत पोचले कशी ते सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दम्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक निळा, त्रास झाला की घ्यायचा. दुसरा सकाळ-संध्याकाळ, त्रास असो नसो, रोज. त्या दुसऱ्यात बुडेसोनाइड होतं, म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड, सूज कमी करणारं. मी तो महिनाभर घेतला. पण गंमत अशी की तो घेतल्यावर काही जाणवतच नाही. निळा मारला की दार उघडल्यासारखं होतं. दुसरा मारला की... काही नाही. त्याचा परिणाम हळूहळू, दिवसांनी-आठवड्यांनी येतो. एकोणिसाव्या वर्षी आपण कुठला ठेवणार? मी निळा ठेवला.

त्यात आईला कुणीतरी सांगितलं की ते स्टिरॉइड आहे. झालं. "स्टिरॉइडने मुली फुगतात. पुढे लग्नाचं बघायचंय." आईला मी नावं ठेवत नाही. तिने तिच्या सासूचा, म्हणजे माझ्या आजीचा दमा बघितला होता. आजी थंडीत रात्र-रात्र खिडकीपाशी चार उशा रचून त्यांना टेकून बसायची. कोजागिरीला तिला दम्याच्या औषधाच्या खिरीसाठी न्यायचे, चांदण्यात ठेवलेली ती खीर खाऊन रात्रभर जागायचं. लहानपणी मला ती सहल वाटायची. एरवी तिचा भर गोळ्यांवर. गोळी घेतली की हात थरथरायचे, छाती धडधडायची. पंप तिने कधी तोंडाला लावला नाही, का तर "पंप लागला की सुटत नाही, ती शेवटची पायरी."

आता या "शेवटच्या पायरी"चा हिशेब बघा. सालब्युटामॉलची मोठी गोळी असते ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका पफमध्ये असतात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४० पफांइतकं औषध. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे, आणि त्यातलं थोडं फुप्फुसात. आजीचे हात का थरथरायचे ते मला हा गुणाकार केल्यावर कळलं. ज्याला आम्ही सौम्य समजत होतो ते जड होतं, आणि ज्याला घाबरत होतो ते हलकं.

स्टिरॉइडचंही तेच. माझा रोजचा पंप होता २०० मायक्रोग्रॅमचा, दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला ०.४ मिलिग्रॅम. त्या रात्रीनंतर मला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळाल्या, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असं सरळ लावता येत नाही. पण एक मुख्यतः फुप्फुसात काम करतं आणि दुसरं अख्ख्या अंगात फिरतं, हा फरक पक्का आहे. स्टिरॉइड नको म्हणून नऊ वर्षं टाळलं, आणि शेवटी पाच दिवसांत गिळलं किती बघा. ॲटॅकच्या वेळी त्या गोळ्या लागतात आणि जीव वाचवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार माझ्याबद्दल आहे.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी कांदेपोह्यांचा एक कार्यक्रम झाला. सकाळी आईने हळूच येऊन सांगितलं, "ते पंपाचं तेवढं आतल्या कपाटात ठेव गं." मी ठेवलं. पाहुण्यांसाठी अगरबत्ती लावलेली, नवीन पडदे, त्यात वर्षभर पेटीत असलेली माझी साडी. तासाभराने छाती वाजायला लागली. मी तीनदा "पाणी आणते" म्हणून आत गेले आणि कपाटात तोंड घालून पंप मारला. पाहुण्यांकडच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, मुलगी कामसू आहे, एका जागी बसत नाही. तो मुलगा चांगला होता की नाही मला आजही सांगता येणार नाही, मी अर्धा वेळ स्वयंपाकघरात होते.

हसा, मीही हसते आता. पण लपवून मारण्याचा एक परिणाम असा की तुम्ही मोजत नाही. दोन स्वयंपाकघरात, दोन ऑफिसच्या वॉशरूममध्ये, दोन रात्री झोपेत. कुणाला दिसत नाही, तुम्हाला स्वतःलाही नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी औषधांच्या ॲपवरची ऑर्डर हिस्टरी उघडली. वर्षभरात सात पंप. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतलेले वेगळे, ते पेमेंट ॲपमध्ये सापडले, चार. चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही, मीही कधी दाखवली नाही. एकूण अकरा. अकरा गुणिले २०० म्हणजे २,२०० पफ. दिवसाला सहा.

आणि आता ते लाजिरवाणं. त्या रात्रीचा पंप मी फोडला होता पाच आठवड्यांपूर्वी. ३५ दिवस गुणिले सहा, २१०. पंपात असतात २००. म्हणजे मी त्या रात्री रिकामा पंप मारत होते. पण मग तो फुस्स करत कसा होता? तर यात औषधाबरोबर ते बाहेर ढकलणारा वायू असतो. औषधाचे २०० पफ संपल्यावरही वायू उरतो, आवाज येतो, गारवाही लागतो. औषध मात्र नसतं, किंवा पुरेसं नसतं. माझ्या पंपाला मागे आकडा दाखवणारा काउंटर नव्हता. हलवून बघितलं तर काहीतरी खळखळतं, त्याने कळत नाही. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघा असं व्हिडिओत सांगतात, तेही भरवशाचं नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तो असा.

आता काउंटरवालाच पंप घ्यायचा हे ठरलंय. मिळाला नाही तर पंप फोडल्याची तारीख मार्करने त्यावर लिहायची. दोन सेकंदांचं काम.

बरं, ही काय फक्त माझी गंमत आहे का? नाही. मला वाटायचं जास्त पंप म्हणजे फक्त थोडी धडधड, बाकी काय होणार. मग मी वाचायला लागले. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली फेनोटेरॉल नावाचा आराम देणारा पंप आला. सालब्युटामॉलच्याच घराण्यातला, पण जास्त जोरदार. त्यानंतर तिथे दम्याने होणारे मृत्यू एकदम वाढले, त्यात तरुण माणसंही होती. १९८९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये मृत्यूंचा आणि त्या पंपाचा संबंध दाखवला. बरीच वादावादी झाली, औषधाच्या वापरावर बंधनं आली, आणि मृत्यूंचा आकडा खाली आला.

ब्रिटनमध्ये दम्याने गेलेल्यांच्या केस पेपरांची राष्ट्रीय पातळीवर तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ चा. त्यात आराम देणाऱ्या पंपाच्या चिठ्ठ्यांचा हिशेब ज्यांच्याबद्दल मिळाला असे १६५ जण होते. त्यातल्या ३९ टक्के लोकांना मृत्यूआधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या समोरच्या वहीत '११' लिहिलेलं होतं. लॅपटॉप बंद केला आणि गच्चीत जाऊन उभी राहिले.

त्या पंपांनीच ते लोक गेले असं याचा अर्थ नाही. बराचसा अर्थ असा की आतली सूज इतकी वाढली होती की बारा-बारा पंप लागत होते, आणि कुणी ते मोजून विचारलं नाही. धोक्याची घंटा आणि औषध एकाच डबीत होतं. आपण घंटा वाजली की ती बंद करतो आणि म्हणतो, बघा किती छान बंद होते.

जगभरच्या डॉक्टरांसाठी दम्याची मार्गदर्शक तत्त्वं काढणारी एक संस्था आहे, ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, तिचं छोटं नाव 'जिना'. हो, जिना! दमेकऱ्यांच्या संस्थेला यापेक्षा चपखल नाव मराठी माणसालाही सुचलं नसतं. या जिनाचं म्हणणं असं की वर्षाला २०० पफांचे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या ॲटॅकचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. तीन पंप म्हणजे दिवसाला सरासरी दीडपेक्षा जरा जास्त पफ. बस, एवढेच. ऐकणाऱ्यांपैकी किती जण त्या रेषेच्या वर आहात, जरा स्वतःच्या ऑर्डर हिस्टरीत जाऊन बघा. मी थांबते.

बघितलंत? बरं.

२०१९ मध्ये याच जिनाने एक मोठा बदल केला. मोठ्या माणसांना आणि १२ वर्षांपुढच्या मुलांना दम्यासाठी नुसता सालब्युटामॉलसारखा आराम देणारा पंप, सोबत सुजेवरचं काही नाही, असा उपचार आम्ही सुचवत नाही असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे नऊ वर्षं मी जे करत होते तेच. त्याऐवजी पुढे आली एक जोडी: सुजेवरचं स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल, एकाच पंपात. फॉर्मोटेरॉलची खुबी अशी की ते सालब्युटामॉलसारखं काही मिनिटांत काम सुरू करतं आणि बारा तासांपर्यंत टिकतं. त्यामुळे दम लागला म्हणून तुम्ही पंप मारला तरी प्रत्येक वेळी थोडं सुजेवरचं औषधही आत जातं. माझ्यासारख्या आळशी आणि विसरभोळ्या लोकांना ओळखून केलेली रचना आहे ही. आम्ही आराम हवा तेव्हाच पंप मारणार, मग आरामातच उपचार मिसळून द्या.

याची एक चाचणी २०१९ लाच छापून आली, सौम्य दमा असलेल्या ६६८ जणांवर. जे लागेल तसा सालब्युटामॉल घेत होते त्यांच्या तुलनेत लागेल तशी ही जोडी घेणाऱ्यांमध्ये दमा उसळण्याचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं. या अभ्यासाचे प्रमुख लेखक रिचर्ड बीसली न्यूझीलंडचे. १९८९ च्या 'लॅन्सेट'मधल्या त्या पेपरवरही त्यांचं नाव आहे. तीस वर्षं एकच प्रश्न धरून बसलेला माणूस. मला हे वाचून उगीच बरं वाटलं.

एक सावधगिरी, कारण मला खात्री आहे कुणीतरी आत्ता घरातला कुठलातरी पंप हातात घेऊन बघत असेल. दोन औषधं एकत्र असलेला प्रत्येक पंप असा आरामासाठी चालत नाही. ज्यात साल्मेटेरॉल असतं तो हळू चढतो, ॲटॅकमध्ये त्याच्या भरवशावर राहायचं नाही. रंगावर जाऊ नका, डबीवरचं औषधाचं नाव वाचा, आणि कुठला कशासाठी हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लहान मुलांचे नियम वेगळे आहेत. आणि कृपा करून माझं ऐकून निळा पंप कचऱ्यात टाकू नका. तुमच्याकडे आरामासाठी तोच असेल तर ॲटॅकमध्ये तोच घ्यायचाय, आणि संकोच न करता घ्यायचाय.

पंप मारायचा कसा, हेही मी नऊ वर्षं चुकीचं करत होते. डॉक्टरांनी करून दाखवायला सांगितलं, मी झोकात दोन पफ लागोपाठ मारले, आणि त्या म्हणाल्या, "छान, घशाला दमा असता तर बरा झाला असता." नीट पद्धत अशी: पंप हलवायचा, श्वास सावकाश बाहेर सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, हळू आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचं, सावकाश ओढत राहायचं, आणि दहा सेकंद श्वास धरायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, परत हलवून. स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी मिळते, ती लावली की दाबणं आणि ओढणं एका क्षणात जमवायची कसरत उरत नाही आणि औषध घशाऐवजी खाली जास्त उतरतं. मला ती लहान मुलांची वस्तू वाटायची. आता माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, हेडफोनच्या शेजारी. कोरड्या पावडरीचे पंप वेगळे, त्यात उलट जोरात आणि खोल ओढावं लागतं. आणि स्टिरॉइडवाला पंप घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते, आवाजही बसतो. पॉडकास्ट करणाऱ्यांनी तर नक्कीच भरायची.

आता सगळ्यात कामाचं. हे ज्यांना दमा नाही त्यांनी जास्त लक्ष देऊन ऐका, कारण त्या वेळी दमेकरी स्वतः काही सांगू शकत नाही. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचारात एक चार-चार-चारचा नियम शिकवतात, लक्षात ठेवायला सोपा आहे. माणसाला सरळ बसवा, आडवं करू नका. आरामाचा निळा पंप स्पेसरला लावून एकेक करत चार पफ, प्रत्येक पफला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर परत चार. तरीही नाही तर १०८ ला फोन किंवा जी गाडी मिळेल ती, आणि वाटेत तसंच चालू ठेवायचं. माणसाला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तो पेंगायला लागला असेल तर चार मिनिटंही मोजत बसू नका, आधी निघा. आणि छातीतली शिट्टी अचानक थांबली पण माणूस अजून झगडतोय, तर तो बरा झालेला नाही. आत हवाच जात नाहीये म्हणून शिट्टी वाजत नाहीये.

माझी रूममेट हे सगळं कुठे शिकली होती, तर कुठेच नाही. तिने फक्त "काही नाही" या माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही.

माझं आता काय चाललंय? डॉक्टरांनी मला ती जोडीच दिली आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि मधे लागला तर तोच, जास्तीत जास्त किती हे कागदावर लिहिलेलं. कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये, रूममेटच्या फोनमध्ये आणि आईच्या फोनमध्ये. पहिले तीन आठवडे काही वेगळं वाटलं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की मी रात्रभर झोपले होते. म्हणजे त्याआधी मी रोज रात्री उठत होते, आणि मला वाटायचं सगळेच उठतात. मधे पंप घ्यायची वेळ गेल्या महिन्यात दोनदा आली. एकदा शेजारच्या बिल्डिंगमध्ये भिंत फोडत होते तेव्हा, आणि एकदा सिंहगड चढताना, तो माझा स्वतःचा आगाऊपणा.

वजनाचं विचारणार असाल तर एक किलो वाढलंय. ते कराडच्या फराळाचं आहे, औषधाचं नाही, असं माझं मत आहे.

मागच्या महिन्यात घरी पुन्हा एक स्थळ आलं होतं. सकाळी आईने अगरबत्ती लावली नाही, हे माझ्या लक्षात आलं. पडदे धुतलेले होते. पोहे झाल्यावर त्यांच्याकडच्या काकांनी विचारलं, तब्येत वगैरे कशी काय? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "दमा आहे हो तिला. औषध नियमित चालू आहे. सिंहगड चढते." काकांनी मान हलवली, मग जरा वेळाने खाली बघत हळूच विचारलं, "पंप कुठला घेते?" त्यांच्या खिशातून त्यांनी स्वतःचा काढला. निळा.

मी विचारलं, "काका, महिन्याला किती लागतात?"

ते मोजायला लागले. पोहे गार झाले.

चला मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमचा आकडा किती निघाला ते मला कळवा, नाव नाही लिहिलंत तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.